व्हर्साय, काये ओचो, मायामी : खिडकीतली कॉफी आणि एका मुलाचा ताबा

मायामीच्या काये ओचो रस्त्यावरच्या व्हर्साय या क्युबन रेस्टॉरंटात गेलात तर एकदम आत शिरून टेबल धरू नका. बाहेरच्या भिंतीत एक खिडकी आहे, आधी तिथे उभे राहा. क्युबन लोक तिला ‘व्हेंतानिता’ म्हणतात, म्हणजे छोटी खिडकी. उभ्याउभ्या कॉफी प्यायची, पेरूचा गर भरलेलं खुसखुशीत ‘पास्तेलितो’ खायचं आणि आजूबाजूला काय चाललंय ते ऐकायचं. स्पॅनिश येत नसलं तरी बोलणाऱ्याची कळकळ कळते. मुलाकडे फ्लॉरिडात दोन महिने होते, तेवढ्यात मी इथे चार वेळा गेले.

पहिल्यांदा गेले ती खाण्यासाठी नव्हे, हे आधीच सांगते. मी चोवीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होते. घटस्फोटाच्या फायलींची पुढे सवय झाली, मुलांच्या ताब्याच्या फायलींची शेवटपर्यंत झाली नाही. नोकरीला दोनच वर्षं झाली होती तेव्हा, एप्रिल २००० मध्ये, पेपरात एक फोटो आला होता. कपड्यांच्या कपाटात दडलेला एक माणूस, त्याच्या कडेवर भेदरलेला सहा वर्षांचा मुलगा, आणि समोर हेल्मेट घातलेला, हातात बंदूक घेतलेला सरकारी जवान. असोसिएटेड प्रेसच्या अ‍ॅलन डियाझ यांनी काढलेला तो फोटो, त्याला पुढे पुलित्झर मिळालं. मी तो कापून टेबलाच्या खणात ठेवला होता आणि निवृत्त होताना घरी आणला. तो मुलगा एलियान गोन्झालेस. क्युबातून येताना त्याची आई समुद्रात बुडाली होती, आणि मायामीतले नातेवाईक व क्युबातला बाप यांच्यात त्याच्या ताब्यावरून वाद पेटला होता. ज्या वस्तीतून त्याला उचललं ती लिटल हवाना, आणि त्या वस्तीची ओसरी म्हणजे हे व्हर्साय. कास्त्रोच्या क्युबातून परागंदा झालेली माणसं १९७१ पासून इथे जमतात. फेलिपे वाल्स हे संस्थापक स्वतः तिकडूनच आलेले. क्युबात काहीही घडलं की मायामीचे टीव्हीवाले कॅमेरे घेऊन आधी इथे येतात. २५ नोव्हेंबर २०१६ ला फिडेल कास्त्रो गेले, तेव्हा रात्रीच लोक भांडी वाजवत इथे रस्त्यावर उतरले होते. एलियान समुद्रात सापडला तीही तारीख २५ नोव्हेंबरच, साल १९९९.

आता कॉफी. सून म्हणाली, “आई, कोलादा सांगा, एकटीसाठी कोणी घेत नाही.” फोमच्या एका पेल्यात दाट, काळी, भरपूर गोड कॉफी येते आणि सोबत अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या कपांची चळत. तुम्ही ओतायची आणि शेजाऱ्यांना द्यायची. आपल्याकडे एका चहाचे दोन कटिंग होतात, इथे एका पेल्याचे पाच-सहा होतात. वर जो सोनेरी फेस असतो तो दुधाचा नाही. कॉफीचे पहिले काही थेंब साखरेवर घ्यायचे आणि ती पांढुरकी होईपर्यंत घोटायची, मग उरलेली कॉफी त्यावर ओतायची. लहानपणी आम्ही बहिणी पाहुणे यायच्या आधी वाटीत कॉफी-साखर घोटत बसायचो, तीच चव लागली. मधुमेह असेल तर कॉफी हातात घ्यायच्या आधीच बिनसाखरेची सांगा, नंतर काही करता येत नाही.

आत मोठा दिवाणखाना आहे, भिंतीभर नक्षीचे आरसे आणि वर झुंबरं. रविवारी आजीपासून तान्ह्यापर्यंत दहा-बारा माणसांची कुटुंबं एकेका टेबलावर असतात. वाढणारी बाई तुम्हाला ‘मी आमोर’ म्हणेल, म्हणजे ‘अगं लाडके’. वय बघून म्हणत नाहीत. मी कोंबडी-मासे खाते, गाय-डुक्कर नाही, त्यामुळे मी ‘आरोस कोन पोयो’ घेतला. पिवळ्या भातात शिजवलेली कोंबडी, आपल्या पुलावापेक्षा ओलसर, मसाला अगदी सौम्य. सोबत ‘मादुरोस’ घ्याच, पिकलेल्या केळ्यांचे तळलेले काप. वसईची राजेळी केळी तुपावर परतलेली ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना सांगायला नको. ‘युका’ म्हणजे ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो तोच. इथे तो उकडून त्यावर लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसाची तेलातली फोडणी घालतात. उपासाच्या पदार्थाला लसूण, पहिल्या घासाला मन जरा अडखळतं, दुसऱ्या घासाला नाही. काळ्या घेवड्याची उसळ पांढऱ्या भातावर घालून खातात. शाकाहारी असाल तर ती डुकराच्या मांसाशिवाय शिजवली आहे का ते विचारून घ्या. क्युबन घरांत त्यात मांस घालायची पद्धत आहे. क्रोकेता म्हणजे तळलेले लहान रोल, ते बहुधा हॅमचे असतात. शेवटी ‘त्रेस लेचेस’, तीन प्रकारच्या दुधात भिजलेला केक. एक प्लेट दोघींना पुरली.

माझ्या खणातल्या फोटोला माणूस भेटला तो मात्र खिडकीपाशी, दुसऱ्या खेपेला. सत्तरीच्या पुढचे एक आजोबा, कडक इस्त्रीचा चार खिशांचा पांढरा ग्वायाबेरा घातलेले, नातीबरोबर उभे होते. त्यांनी त्यांच्या कोलादातला एक कप न विचारता माझ्यापुढे सरकवला. नात इंग्रजीत सांगत होती, सून मला मराठीत समजावत होती, असं आमचं बोलणं सुरू झालं. ते १९६१ साली नऊ वर्षांचे असताना एकटे विमानाने मायामीला आले होते. ‘पेद्रो पान’ मधले.

हे पेद्रो पान प्रकरण मला अर्धवट माहीत होतं. क्रांतीनंतर क्युबात अफवा पसरली होती की सरकार ‘पात्रिया पोतेस्ताद’ काढून घेणार. हा जुना रोमन कायद्यातला शब्द, मुलांवरचा आईबापांचा अधिकार. मुलांना वसतिगृहांत टाकतील, रशियाला पाठवतील, असं लोक कुजबुजत. तसा कायदा कधी झाला नाही. पण खासगी आणि चर्चच्या शाळा सरकारने खरोखरच ताब्यात घेतल्या होत्या, शेजारपाजारावर नजर ठेवणाऱ्या समित्या गल्लोगल्ली बसल्या होत्या. अशा हवेत अफवा खोटी आहे हे आईने कुणाला विचारून ठरवायचं? डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात १४,००० हून अधिक मुलं आईबापांनी एकटी विमानात बसवली. मायामीत फादर ब्रायन वॉल्श यांनी ती उतरवून घेतली. काहींना नातेवाईक भेटले, बाकीची छावण्यांत, अनाथाश्रमांत, परक्या कुटुंबांत विखुरली. मग क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून अमेरिका-रशियात पेच उभा राहिला, विमानं बंद झाली आणि आईबाप तिकडेच अडकले. आजोबांची आई पाच वर्षांनी आली. विमानतळावर तिने त्यांना मिठी मारली तेव्हा ते तिला ‘सेन्योरा’ म्हणाले होते, ‘बाई’. हे सांगताना ते रस्त्याकडे बघत होते.

म्हणून एलियानची गोष्ट ते आईच्या बाजूने सांगतात. एलिसाबेत ब्रोतोन्स नोव्हेंबर १९९९ मध्ये पाच वर्षांच्या मुलाला घेऊन अ‍ॅल्युमिनियमच्या लहानशा बोटीतून कार्देनासहून निघाली. बोट बुडाली. ती बुडाली, तिचा जोडीदारही बुडाला. मुलगा ट्यूबला धरून तरंगत राहिला आणि फोर्ट लॉडरडेलजवळ दोघा मच्छीमारांना सापडला. माझ्या मुलाचं घर तिथून जवळ आहे. सकाळी फिरायला समुद्रावर जायचे तेव्हा त्या पाण्याकडे मला दुसऱ्या नजरेने बघता आलं नाही. मुलाला लिटल हवानात राहणाऱ्या चुलतआजोबांकडे, लासारो गोन्झालेस यांच्याकडे सोपवलं. आणि तिकडे कार्देनासमध्ये मुलाचा बाप, हुआन मिगेल, म्हणाला, माझा मुलगा मला परत द्या.

आईबापांचा घटस्फोट आधीच झाला होता, पण मुलगा बापाकडेही तितकाच राहायचा. आमच्या कोर्टाच्या भाषेत लिहायचं तर एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय मुलाला देशाबाहेर नेलं. एवढं एकच वाक्य माझ्यासमोर आलं असतं तर निर्णय सोपा होता. पण आई मेलेली, देश कास्त्रोचा, आणि सात महिने दोन सरकारं, दोन गर्दी आणि शेकडो कॅमेरे त्या एका पोरावर. इकडे नातेवाइकांनी त्याला खेळणी दिली, कुत्र्याचं पिल्लू दिलं, डिस्ने वर्ल्डला नेलं. तिकडे कास्त्रोने रोज मोर्चे काढले, हवानात अमेरिकी कचेरीसमोर सभांसाठी भलंमोठं व्यासपीठच बांधलं. १३ एप्रिलला नातेवाइकांनी एक व्हिडिओ बाहेर दिला. पलंगावर बसलेला मुलगा कॅमेऱ्याला बोट दाखवून बापाला सांगतो की मला क्युबाला जायचं नाही. तो व्हिडिओ मी तेव्हा पाहिला आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण तसंच बोट मी त्याच आठवड्यात पाहिलं होतं. आमच्याकडच्या एका सात वर्षांच्या मुलीने नव्या सायकलवर बसून वडिलांना दाखवलेलं. वर्षभराने तीच मुलगी मला म्हणाली, “मॅडम, ते मला पाठ करून घेतलं होतं.” ज्या घरात मूल झोपतं-जेवतं, त्या घराविरुद्ध ते बोलत नाही. ते क्युबातही खरं, मायामीतही खरं, ठाण्यातही खरं.

मी काय काम करत होते ते आजोबांना कळलं, तेव्हा त्यांनी थेट विचारलं, तुमच्यासमोर हा मुलगा आला असता तर काय केलं असतं? मी खोटं बोलू शकले असते. त्या खिडकीपाशी, त्या माणसांत, ते सोपं होतं. मी म्हटलं, वडिलांकडे पाठवला असता. सुनेने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, सांग. नातीने आवाज खाली आणून सांगितलं.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो मी आजही घेऊन फिरते आहे. ते म्हणाले, बाप खरं बोलतोय हे कशावरून? मी म्हटलं, अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा अधिकारी क्युबात जाऊन त्याला भेटला होता, १३ डिसेंबरला त्याच्या घरी आणि मग ३१ डिसेंबरला पुन्हा. ते म्हणाले, आणि घराबाहेर कोण उभं होतं?

ताब्याच्या कामात याहून मोठा प्रश्न नाही. आमच्याकडे कोर्टात एखादी सून सांगायची, “मला माहेरी पाठवायची गरज नाही, मी सुखात आहे,” आणि काचेच्या दाराबाहेर सासू-सासरे बसलेले दिसायचे. तेव्हा आम्ही खोली बदलायचो. तिला आत नेऊन दार लावायचो, पाणी द्यायचो, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचो. हुकूमशाहीत अख्खा देशच ती काचेची खोली असतो. मग बापाचा शब्द मोजायचा कसा? बापाला बाहेर आणणं हा एकच उपाय होता आणि तो झाला. हुआन मिगेल ६ एप्रिलला बायको आणि तान्ह्या बाळासह अमेरिकेत आला. तो उतरला क्युबन राजनैतिक अधिकाऱ्याच्याच घरी, हेही आजोबांनी मला ऐकवलं आणि ते खरं आहे. पण २२ एप्रिलला जवानांनी नातेवाइकांकडून मुलगा काढून आणून दिल्यावर तो वॉशिंग्टनच्या आसपास दोन महिने होता. थांबायचं असतं तर अमेरिकेने त्याला हसत ठेवून घेतलं असतं. तो थांबला नाही. माझ्या मते इथे त्याचं उत्तर मिळालं. सरकार वाईट आहे म्हणून बाप वाईट ठरत नाही. मुलाला कोण आंघोळ घालत होतं, ताप आल्यावर कोण जागत होतं, शाळेत कोण सोडत होतं, हे मी आयुष्यभर विचारत आले. आणि या बापाने मुलाला छळलं, टाकलं, असं त्याच्या विरोधकांनाही दाखवता आलं नाही.

अटलांटाच्या अपील कोर्टाचा १ जूनचा निकाल याच वाटेने जातो. क्युबात माणसांचे हक्क पायदळी तुडवले जातात हे कोर्टाने लपवलं नाही. प्रश्न एवढाच होता की सहा वर्षांचं मूल बापाच्या इच्छेविरुद्ध आश्रय मागू शकतं का. नातेवाइकांनी केलेल्या आश्रयाच्या अर्जावर मुलाने बालवाडीच्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं होतं. त्या अक्षरांचा विचार मनात आला की मला अजूनही गलबलून येतं. कोर्ट म्हणालं, एवढ्या लहान मुलाच्या वतीने आईबाप बोलतील हे इमिग्रेशन खात्याचं धोरण अवाजवी नाही. २८ जूनला सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला आणि त्याच दिवशी मुलगा बापाबरोबर क्युबाच्या विमानात बसला.

पण पुढचं मी आजोबांपासून लपवलं नाही. बापाला मुलगा परत मिळाला आणि लगेच सरकारने तो आपला करून घेतला. कार्देनासच्या जुन्या अग्निशमन केंद्रात २००१ मध्ये त्या लढ्याचं संग्रहालय उघडलं. वाढदिवसांना कास्त्रो हजर. क्युबाच्या १९७८ च्या बालक-युवक कायद्यात मुलांची जडणघडण कम्युनिस्ट व्यक्तिमत्त्वाची व्हावी असं लिहिलेलंच होतं; आईबापांनी त्या चौकटीत वाढवायचं. एलियान इंजिनिअर झाला, २०२३ मध्ये राष्ट्रीय सभेचा सदस्य झाला. त्याला हे मनापासून हवं होतं की नाही, हे त्या देशात राहून कोणी मोकळेपणी विचारू शकत नाही. इथे आजोबांचं पारडं जड आहे हे मी मान्य केलं. तरीही मी माझं मत बदललं नाही. त्यांनीही बदललं नाही. त्यांनी माझा कप पुन्हा भरला.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट इथेच लिहिते, कारण मुलाच्या मित्रमंडळींत दोन घरांत हाच घोळ चालू आहे. पालकाने परस्पर नेलेलं मूल परत करण्याबद्दलचा हेगचा करार १९८० चा. क्युबा तेव्हा त्यात नव्हता, म्हणून एलियानला त्याचा उपयोग झाला नाही. भारत त्यात आजही नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील व्हा असं सुचवलं, २०१६ मध्ये पुन्हा अहवाल दिला, पुढे काही झालं नाही. त्यामुळे न्यू जर्सीतून पुण्याला आणलेल्या मुलासाठी हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, लावावा लागतो आणि सगळं न्यायाधीशांना त्या मुलाचं हित कशात दिसतं यावर ठरतं. सामील व्हायला विरोध करणाऱ्यांचंही खरं आहे, मारझोडीतून पळून आलेली आई मुलासकट परत पाठवली जाईल ही भीती मी समोर बसलेल्या बायकांच्या डोळ्यांत पाहिली आहे. पण नियमच नसला की मूल ज्याच्या हातात पहिलं सापडतं त्याचं होतं.

तिसऱ्या खेपेला जेवून आम्ही ते घर बघायला गेलो. नॉर्थवेस्ट सेकंड स्ट्रीट, गाडीने जवळच. बाहेरूनच पाहिलं. एकमजली, लहान, आपल्याकडच्या जुन्या बंगलीएवढंसुद्धा नाही. टीव्हीवर तेव्हा इथे हजारो माणसं दिसायची, म्हणून मला मोठा चौक वाटला होता. प्रत्यक्षात दोन गाड्या जेमतेम निघतील अशी गल्ली आहे. फाटकापासून दारापर्यंत मी मनात पावलं मोजली. २२ एप्रिलच्या पहाटे जवान एवढंच अंतर धावत गेले होते. बापाकडे पाठवणं योग्य होतं असं मी म्हणते, पण बंदूक दाखवून मूल काढणं मला कधीच पटलं नाही, आणि त्या फाटकाशी उभं राहिल्यावर तर मुळीच नाही. आमच्या अंमलबजावणीच्या हुकमांत पोलीस साध्या वेशात असावेत, सोबत बाई असावी, वेळ दिवसाची असावी, हे मी हट्टाने लिहायला लावायचे ते त्या फोटोमुळे. जानेवारीत क्युबाहून आलेल्या दोन आज्यांना नातवाला भेटायला मायामी बीचला एका नन बाईंचं घर दिलं होतं, सिस्टर जीन ओ’लॉफ्लिन यांचं. तटस्थ म्हणून निवडलेली जागा. तसे शंभर दिवस मिळाले असते तर कदाचित दार फोडावं लागलं नसतं.

निघायच्या आदल्या दिवशी चौथ्यांदा गेले. आजोबा नव्हते. मी एकटीने कोलादा घेतला, कप मांडले आणि शेजारच्या चौघांपुढे सरकवले. कोणी आश्चर्य केलं नाही, ‘ग्रासियास’ म्हणून उचलले. जाणाऱ्यांसाठी एवढंच : रविवारी दुपारी जायचं असेल तर थांबायची तयारी ठेवा, सकाळी नऊच्या आत खिडकी निवांत असते. पास्तेलितो नुसत्या पेरूचं न घेता पेरू-चीजचं घ्या. आणि कोलादा एकट्याने संपवू नका, कप त्यासाठीच देतात. माझ्याकडून पाचपैकी पाच.